पुढचा कागद

१

पूनमचा कागद गेला हे भालचंद्र चिंचोळकरांना बुधवारी संध्याकाळी पाच वाजता कळलं. ते तेव्हा ओट्यावर बसून चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधत होते. पोरगी फाटक उघडं टाकूनच आत आली, पायरीपाशी थांबली आणि म्हणाली, "काका, माया कागद गेला."

कुठला कागद, हे विचारायची गरजच नव्हती. त्या घराने तेरा वर्षं एकाच कागदाची वाट पाहिली होती. पाकिस्तानातल्या घोटकी गावाहून हासानंद, त्याची बायको लाजवंती आणि आठ वर्षांची पूनम खामगावात येऊन राहिले, तेव्हापासून व्हिसा वाढवणं, पोलिसांत हजेरी लावणं आणि अर्जामागून अर्ज करणं हाच त्यांचा संसार होता. अखेर गेल्या शनिवारी बुलढाण्याला तिघांच्याही हातात भारताच्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पडलं. चार दिवस झाले नाहीत तोच त्यातलं एक नाहीसं झालं, आणि ते नेमकं पूनमचं.

ती भालचंद्ररावांकडे आली यात नवल नव्हतं. खामगावात कागद हरवला की लोक आधी त्यांच्याकडे येतात आणि मग पोलिसांकडे जातात. सरकारी अभिलेख कक्षात त्यांनी छत्तीस वर्षं काढली आणि त्यांच्या हातून एक चिठोरं गहाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावरही कुणाचा जुना फेरफार, कुणाची जन्मनोंद ते घरबसल्या हुडकून देत. बदल्यात कुणाच्या घरचा चहा घेतील तर शपथ. कालच संध्याकाळी हासानंद खडीसाखरेची पुडी आणि लाल कपड्यात बांधलेला नारळ घेऊन आला होता, तर त्यांनी ते त्याच्याच पिशवीत परत घातलं आणि वर चार शब्द सुनावले. तत्त्व म्हणजे तत्त्व, आणि आपल्या तत्त्वांचा त्यांना जरा अभिमानच होता.

पूनम त्यांच्या घरी आठ वर्षं कागद घेऊन येत होती. भालचंद्रराव अर्ज तपासायचे आणि सांगायचे, पोरी, आता पुढचा हा कागद आण. ती आणायची. या येण्याजाण्यातच त्यांचा मुलगा श्रेयस, जो आता मोताळ्याला पाटबंधारे खात्यात अभियंता आहे, तिच्यात गुंतला. दोन वर्षांपूर्वी त्याने घरी विषय काढला तेव्हा भालचंद्ररावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझी सरकारी नोकरी, मुलगी परदेशी नागरिक, शंभर भानगडी होतील, आधी तिचा नागरिकत्वाचा कागद येऊ दे, मग बघू, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. श्रेयसने वडिलांना विचारल्याशिवाय कधी शर्टसुद्धा घेतला नव्हता. तो थांबला, आणि ती पण थांबली.

"दुसरी प्रत काढाले किती दिवस लागतीन?" पूनमने विचारलं.

वर्ष लागेल, दोन लागतील, फाइल पुन्हा वर जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते सांगितलं नाही. माझ्या हातून छत्तीस वर्षांत एक कागद गेला नाही, तुझा कसा जाईल, असं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

२

हासानंद भगवानरावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत असे. घोटकीला तो शाळामास्तर होता. इथे कापडाच्या दुकानात दिवसभर तागे उलगडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. भालचंद्रराव आत आले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि उठायचंही विसरला.

पत्र्याची पेटी कोपऱ्यात होती. कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीसारखी खिळ्याला लटकत होती. पेटीत निळी फाइल होती, पारदर्शक कप्प्यांची, भालचंद्ररावांनीच शनिवारी कौतुकाने भेट दिलेली. आज दुपारी चारला श्रेयसला झेरॉक्स पाठवायची म्हणून पूनमने ती उघडली, तर आईबापाची प्रमाणपत्रं होती आणि तिचं नव्हतं.

भालचंद्ररावांनी फाइल मांडीवर घेऊन उघडली. पहिला कप्पा रिकामा होता, दुसरा रिकामा, पुढचे सात-आठही रिकामेच. कागद होते ते सगळे मागच्या बाजूला. अगदी शेवटच्या कप्प्यात हासानंदचं प्रमाणपत्र, त्याच्या अलीकडे लाजवंतीचं, त्याच्या अलीकडे पूनमच्या गुणपत्रिका, मग व्हिसाची जुनी पानं. सगळे एकाला एक लागून, ओळीने. फाइल अशी मागून भरतात होय, असं ते चिडून पुटपुटले. अव्यवस्था दिसली की त्यांचं डोकं फिरायचं.

हासानंदने सांगितलं ते थोडक्यात असं. मतदार यादीत नावं घालायची म्हणून त्याने सोमवारी सगळे कागद कुशल नावाच्या पोराच्या ऑनलाइन केंद्रात दिले. मंगळवारी दुपारी कुशलने ते फाइलमध्ये भरून परत केले. त्याने फाइल तशीच पेटीत ठेवली आणि उघडून पाहिली नाही. खोल्यांची दुसरी किल्ली घरमालक भगवानरावांकडे असते, हेही त्याने खाली मान घालून सांगितलं.

आज घरात आणखी कोणी आलं होतं का, असं भालचंद्ररावांनी विचारलं. लाजवंती चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिने पदर सावरला आणि हळूच सांगितलं की दुपारी एक बाई आल्या होत्या, ती पाणी आणायला गेली तेवढा वेळ त्या पेटीजवळ एकट्याच बसल्या होत्या.

"कोण बाई?"

"तुमच्या घरच्या," लाजवंती म्हणाली. "शरयूताई."

३

शरयू म्हणजे भालचंद्ररावांची बायको. तिला हे लग्न नको आहे, असं ते दोन वर्षं गृहीत धरून चालले होते. तिला तसं कधी विचारलं मात्र नव्हतं. आता तिला विचारणं त्यांना नको वाटत होतं. म्हणून त्यांनी गुरुवारी सकाळी आधी भगवानरावांना गाठलं. स्वतःच्या घरातला प्रश्न माणूस नेहमी शेवटी ठेवतो.

भगवानराव वडनेर भोलजीचे मोठे शेतकरी. खामगावात घर बांधून राहिले होते. त्यांनी काही लपवलं नाही. खोल्या त्यांना कापूस ठेवायला हव्या होत्या, हासानंदला तसं दोनदा सांगितलंही होतं, आणि प्रमाणपत्रं रविवारी हातात घेऊन पाहिली होती.

"पन मी कागद चोरून काय करू, साहेब?" ते म्हणाले. "त्याइच्यापाशी कागद असला काय अन् नसला काय, मले काय फरक पडते? मानसं तर तेच हायेत. तुमी गल्लीत कोनालेही पत्ता विचारा, पाकिस्तानवाल्याचं घर म्हनूनच सांगतीन. शनिवारनंतर काय कोनी दुसरं नाव ठेवलं का?"

भालचंद्ररावांचं रक्त तापलं. त्यांनी भगवानरावांना तिथेच पाच मिनिटं कायदा सांगितला. नागरिक म्हणजे नागरिक, तुमच्या-माझ्या इतकाच, घटनेत आधीचा आणि नंतरचा असा भेद नाही. भगवानरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत ना, मग देता का त्यांना राहायला?

त्या श्रेयससाठी ठेवल्यात, असं भालचंद्रराव म्हणाले.

"हाव का," भगवानराव म्हणाले आणि पान लावू लागले.

भालचंद्रराव रस्त्याला लागले तेव्हा त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. या माणसाने चोरी केलेली नाही, कारण जो कागदाला किंमतच देत नाही तो कागद चोरत नाही. आणि या माणसाचा आपल्याला फार राग आला आहे. इतका राग का यावा, याचा विचार मात्र त्यांनी केला नाही.

४

कुशलचं केंद्र बसस्टँडमागे होतं. साध्या दाखल्यासाठी माणसाला चार चकरा मारायला लावणारा म्हणून त्याचं नाव खराब होतं, त्यामुळे संशय घ्यायला तो सोयीचा होता. भालचंद्ररावांना पाहताच तो खुर्चीवरून उठला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"काका, देवाची आन," तो म्हणाला. "तीनही सर्टिफिकेट मी हासानंदकाकासमोर मोजून देल्ले. त्याइच्याच पिशवीत टाकले. ते निळी फाइल रिकामीच होती, तिच्यावरचं कव्हरबी फाडलं नव्हतं. मी काऊन भरू फाइल? मले टाइम कुठी हाये?"

म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. कुशल म्हणत होता फाइल रिकामी होती. हासानंद म्हणत होता कुशलनेच ती भरली. आठ वर्षं ज्याच्या घरची एकूण एक नोंद तपासली त्या माणसावर विश्वास ठेवायचा की या पोरावर, याचं उत्तर भालचंद्ररावांच्या मते सरळ होतं. त्यांनी कुशलला दम भरला की संध्याकाळपर्यंत कागद आला नाही तर हासानंद पोलिसांत तक्रार देईल.

कुशलचा चेहरा उतरला. मग तो जे बोलला त्यात धमकी नव्हती, भीती होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"देऊ द्या. पन माया सेंटर बंद झालं तर आमच्या मोहल्ल्यातले पोरं चूप नाई बसनार. काल रात्रीपासूनच बोलून राह्यले, की पाकिस्तानवाला आता आपल्या पोरायवर केस करते. मी त्याइले थांबवलं. उद्या थांबवता येईन का, मले नाई माहीत."

भालचंद्रराव उन्हातून घरी निघाले. कागद सापडला नाही तर पोरीचं लग्न गेलं. तक्रार झाली तर त्या तिघांचं गावच जाईल, आणि एकदा देश सोडून आलेल्या माणसाने आणखी कुठे जायचं? आता विचारायला एकच माणूस उरला होता.

५

शरयू मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काल हासानंदकडे का गेली होतीस, असं त्यांनी सरळ विचारलं. तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, मगच वर पाहिलं.

"लाजवंतीताईंना एक गोष्ट विचारायला गेले होते. विचारता आली नाही. त्या रडत होत्या. पाणी आणते म्हणून आत गेल्या त्या तोंड धुऊनच बाहेर आल्या. मग मी उठले."

"काय विचारायला गेली होतीस?"

"ते तुम्हालाच माहीत असायला हवं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

भालचंद्रराव खोलीत जाऊन बसले. ती खोटं बोलत नव्हती. चौतीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना बरंच काही सांगितलं नव्हतं, पण खोटं एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या कपाटात निळ्या फाइलचीच दुसरी जोडफाइल होती. त्यांनी ती काढली, लाइटबिलं एकापुढे एक भरली, आणि मधलं एक बिल उपसलं. कप्पा रिकामा राहिला. ते त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिले.

पूनमच्या फाइलमध्ये असा कप्पा नव्हता. आईच्या प्रमाणपत्राला लागूनच गुणपत्रिका होत्या. भरलेल्या फाइलमधून कोणी कागद काढला असता तर मध्ये जागा सुटली असती. म्हणजे पूनमचा कागद त्या फाइलमध्ये कधी गेलाच नव्हता. ज्याने फाइल भरली त्याला भरतानाच ठाऊक होतं की हा कागद यात ठेवायचा नाही. पेटी, किल्ली, खिळा, एकटी बसलेली बाई, हे सगळं गैरलागू होतं.

मग फाइल कोणी भरली? ती मागून भरली होती. ही अव्यवस्था समजून काल ते चिडले होते, पण त्या कागदांत अव्यवस्था कुठे होती? घरातला कर्ता आधी, मग त्याची बायको, मग मूल. क्रम चोख होता, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाला होती. हासानंदचं शाळेतलं जुनं सिंधी पुस्तक त्यांना आठवलं. पुरावा म्हणून त्याने ते एकदा दाखवलं होतं, आणि ते उजवीकडून उघडतं हे पाहून भालचंद्ररावांना गंमत वाटली होती. आपलं पुस्तक जिथे संपतं तिथे त्याचं सुरू होतं. कुशल मराठी शाळेत शिकला. पूनमही इथल्याच मराठी शाळेत शिकली. लाजवंतीला अक्षरओळख नाही. आयुष्यभर पुस्तकं उजवीकडून उघडणारा आणि मुलांना तशी उघडायला शिकवणारा हात त्या घरात एकच होता.

बापानेच पोरीचा कागद लपवला होता. का, हे मात्र काही केल्या कळेना. तेरा वर्षं ज्याच्यासाठी झिजला तोच कागद?

तेवढ्यात त्यांना शरयूचं वाक्य आठवलं. लाजवंती दुपारी रडत होती. कागद नाही हे तर पूनमला चार वाजता कळलं. म्हणजे रडू कागद गेल्याचं कळण्याआधीचं होतं. त्या घरावर जे कोसळलं ते कुशलने कागद परत दिल्यानंतर आणि बुधवारी दुपारच्या आधी, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी. मंगळवारी संध्याकाळी हासानंद कुठे गेला होता?

भालचंद्ररावांनी फोन उचलला. "हासानंद, जरा घरी या. आणि मंगळवारी आणली होती तीच पिशवी घेऊन या."

६

हासानंद आला आणि त्याने काहीही न विचारता पिशवी पुढे ठेवली. भालचंद्ररावांनी रिकाम्या कप्प्याचं आणि उजवीकडून उघडणाऱ्या पुस्तकाचं सगळं त्याला क्रमाने सांगितलं. तो मास्तराने मुलाचं बरोबर उत्तर ऐकावं तसा मान हलवत राहिला.

पिशवीत खडीसाखरेची पुडी होती आणि लाल कपड्यात बांधलेला नारळ होता. कपड्याची गाठ सोडली तर नारळाभोवती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पूनमचं प्रमाणपत्र होतं. त्याला एक सुरकुतीसुद्धा पडू दिलेली नव्हती.

"फाडता नाई आलं, साहेब," हासानंद म्हणाला. "फाडाचं म्हनून बसलो होतो."

"पण का?"

"आमच्यात पोरीचं लगीन पक्कं कराले कच्ची मिसरी करतात. मुलाच्या घरी मिसरी, म्हंजे हे खडीसाखर, अन् नारळ घेऊन जायाचं. त्याइनं ठेवून घेतलं की झालं पक्कं. तुमी वापस केलं." तो थांबला. "तुमचा काई दोष नाई. पन पोरीले मी तेरा वर्सं सांगत आलो. शाळेत कोनी बाजूले बसलं नाई, मी म्हनलं कागद येऊ दे. खोली कोनी देल्ली नाई, म्हनलं कागद येऊ दे. श्रेयसचं तुमी थांबवलं, तवाबी म्हनलं, बेटा, कागद येऊ दे, सगळं होते. आता कागद आला. आता मी तिले काय सांगू? कागद नाई म्हनून लगीन झालं नाई, हे ती सहन करते. तिले सवय हाये. कागद असून झालं नाई, तर मंग ती कशाची वाट पाहीन?"

फाइल कुशलने भरली असं सांगताना त्याच्यावर आळ येईल हे त्याला सुचलं नव्हतं. तो फक्त आपल्या पोरीचा विचार करत होता, आणि बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

भालचंद्रराव हबकून गेले. मला माहीत नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. तुमची रीत मला ठाऊक नाही, मला वाटलं कामाबद्दल आणलंय, मी कामाबद्दल काही घेत नाही, छत्तीस वर्षांत घेतलं नाही.

हासानंदने डोळे पुसले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आशा आली, आणि ती पाहणं त्या रडण्यापेक्षा कठीण होतं. त्याने पुडी उलगडली आणि दोन्ही हातांनी खडीसाखर पुढे केली.

"तुमाले माहीत नव्हतं. मी बी सांगतलं नाई. चूक माझी. आता माहीत झालं ना, साहेब? घ्या."

भालचंद्ररावांचा हात गुडघ्यावर होता तो गुडघ्यावरच राहिला. शरयूला विचारावं लागेल, ते म्हणाले.

"मला विचारू नका," दारातून शरयू म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "माझं होच आहे. हा नारळ कशाचा, हेच विचारायला काल मी त्यांच्याकडे गेले होते. कामाचे आभार मानायला कोणी लाल कपड्यात नारळ बांधून आणत नाही, अहो. आपल्यातसुद्धा नाही."

आपल्यातसुद्धा नाही. भालचंद्ररावांच्या डोक्यात रिकाम्या कप्प्यासारखीच ही गोष्ट लख्ख झाली. छत्तीस वर्षांत लोकांनी त्यांच्यापुढे केळी ठेवली होती, पेढे ठेवले होते. लाल कपड्यातला नारळ कोणी ठेवला नव्हता. तो पाहताक्षणी तो कशासाठी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच त्यांनी हासानंदला तोंड उघडू न देता इतक्या घाईने तत्त्व सांगितलं होतं. भगवानराव निदान तोंडावर बोलले. श्रेयस उद्या आला तर बापाच्या चेहऱ्याकडे बघेल आणि गप्प बसेल, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याला तसं त्यांनीच वाढवलं होतं.

फाटक वाजलं. बापाच्या मागोमाग पूनम आली होती.

तिने समोरचं सगळं पाहिलं. सुटलेला लाल कपडा, नारळ, बापाच्या ओंजळीतली खडीसाखर, आणि चौरंगावर आपला कागद. ती हुशार होती, तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. तिने कागद उचलून नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, शिक्का पाहिला. भालचंद्ररावांनीच तिला प्रत्येक कागद असा तपासायला शिकवलं होतं. मग तिने खडीसाखर बापाच्या हातातून काढून पुडीत बांधली, नारळ कपड्यात गुंडाळला आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुशलले आधी फोन करा, काका. त्याचा काई गुन्हा नाई," ती म्हणाली. "चला, बाबा."

पायरी उतरून ती वळली. चिडलेली नव्हती. आठ वर्षं ज्या आवाजात विचारत आली त्याच आवाजात तिने विचारलं, "काका, आता कोनता कागद आनू?"

भालचंद्ररावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्यांनी मनातल्या मनात सगळी कपाटं धुंडाळली, सगळे नमुने, सगळे दाखले, सगळी प्रतिज्ञापत्रं. मागायला एकही कागद उरला नव्हता. पूनम पायरीखाली उभी होती, उत्तर मिळेपर्यंत ती नेहमी उभी राहायची तशी.